गुण विश्रांतीचा, श्रेय यंत्राला

"मशीन लावा, दहा सिटिंगमध्ये पाय मोकळा होईल." हे वाक्य मी पनवेलमध्ये दोन अगदी वेगळ्या ठिकाणी ऐकलं आहे. एकदा नवीन पनवेलमधल्या एका सोसायटीच्या आवारात. मागचा पाय अर्धवट उचलून चालणाऱ्या लॅब्रॅडोर कुत्रीच्या मालकिणीला तिची शेजारीण हे सांगत होती. दुसऱ्यांदा बैलांच्या बिनजोड शर्यतीच्या मैदानालगत. टेम्पोतून उतरताना पुढचा पाय जपून टाकणाऱ्या खिलार बैलाच्या मालकाला त्याचा सोबती हेच सांगत होता. दोन्ही मालकांचा जीव आपापल्या जनावरात अडकलेला होता, आणि दोघांना मिळालेला सल्ला शब्दाशब्दाने सारखा होता.

हे मशीन म्हणजे उपचाराचं अल्ट्रासाउंड. दुखऱ्या जागी जेल लावायचं, वर धातूचं गोल हेड फिरवायचं, पाच-दहा मिनिटांनी पुसून टाकायचं. त्यामागचा समज आता इतका रुळला आहे की तो तपासून पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही. समज असा की कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कातडीखाली खोल शिरतात, दुखावलेल्या जागेला आतून शेक देतात आणि जखम लवकर भरून आणतात. माझं म्हणणं असं आहे की यातला शेक देण्याचा भाग काही अटींवर खरा आहे, आणि जखम लवकर भरण्याचा भाग सिद्ध झालेला नाही. जनावर बरं होतं ते बहुतेक वेळा योग्य निदानाने, विश्रांतीने आणि काळाने. श्रेय मात्र यंत्राच्या खात्यावर जमा होतं, आणि या चुकलेल्या हिशेबाची किंमत मुकं जनावर मोजतं.

एक गोष्ट आधीच वेगळी काढतो. सोनोग्राफी हेही अल्ट्रासाउंडच, पण तिचं काम आत पाहण्याचं आहे. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. उलट पुढे मी तिचीच शिफारस करणार आहे. 'शॉकवेव्ह' नावाचा उपचारही वेगळा, त्याची तत्त्वं आणि त्याचे पुरावे वेगळे. इथे वाद आहे तो फक्त शेकाच्या मशीनविषयी.

हा वाद पनवेलमध्ये घालण्याला कारण आहे. २०१६ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात खारघर, कामोठे, कळंबोलीच्या इमारतींतून कुत्री पाळणाऱ्या घरांचा एक मोठा वर्ग तयार झाला आहे. त्याच तालुक्यातल्या गावांत शर्यतीचा बैल हा घराचा अभिमान आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यती परत आल्या तशा दुखापतीही परत आल्या, आणि दुखापतींमागोमाग झटपट इलाजांची मागणी आली. माणसांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात अनेक वर्षं दिसणारं मशीन गोठ्यापर्यंत आणि सोसायटीच्या दिवाणखान्यापर्यंत पोचलं ते या वाटेने.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ राहत नाही, म्हणून त्याच्या जोरासकट मांडतो. मशीनच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे चार आहेत. पहिला असा की यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे आणि माणसांवर त्याचा वापर कित्येक दशकं चालू आहे. दुसरा असा की प्राण्यांवरच्या प्रयोगांत जखम भरायला मदत झाल्याचं दिसलं आहे. तिसरा मुद्दा सर्वांत बिनतोड वाटतो. माणसाला औषधाच्या नुसत्या विश्वासानेही बरं वाटतं, पण बैलाला किंवा कुत्र्याला कुठे ठाऊक असतं की आपल्यावर उपचार चालू आहेत? तेव्हा जनावराला फरक पडला तर तो मशीनचाच गुण असला पाहिजे. चौथा मुद्दा व्यवहाराचा आहे: फायदा झाला तर झाला, नुकसान तर काही नाही.

पहिला मुद्दा घेऊ. भौतिकशास्त्र पक्कं आहे, हे मला मान्य आहे. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीजभार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवलं. पुढे त्याच्या उलट, वीज दिली की असा स्फटिक थरथरतो, हेही दिसून आलं. मशीनच्या हेडमध्ये हाच थरथरणारा स्फटिक असतो. माणसाचा कान सेकंदाला फार तर २० हजार कंपनं ऐकतो. हा स्फटिक १० लाख किंवा ३० लाख कंपनं करतो, म्हणजे १ किंवा ३ मेगाहर्ट्झ. जर्मनीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस या लहरींचा उपचारासाठी वापर सुरू झाला. हे सगळं खरं आहे. पण भौतिकशास्त्र पक्कं असलं की ते आपल्या सोयीने वागत नाही, आणि मशीनचे समर्थक नेमके इथेच घाई करतात. याच शास्त्राचे तीन नियम त्यांच्या विरोधात जातात.

पहिला नियम हवेचा. या लहरींना हवा ओलांडता येत नाही. हेड आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी जवळपास सगळी ऊर्जा तिथूनच परत फिरते. जेल लावतात ते ही हवा घालवण्यासाठी. माणसाच्या उघड्या कातडीवर हे जमतं. जनावराच्या अंगावर केस असतात आणि केसांच्या मुळाशी हवा अडकलेली असते. त्या लॅब्रॅडोर कुत्रीच्या चौथ्या सिटिंगला मी मालकिणीसोबत गेलो होतो. मांडीवर जेलचा थर दिला होता, केस काढलेले नव्हते. हेड फिरू लागलं तसा जेलमध्ये पांढरट फेस धरू लागला. तो फेस म्हणजे केसांत कोंडलेली हवा होती. मशीनवर आकडा उमटत होता, वेळ मोजला जात होता, कुत्री शांत पडून होती आणि आत बहुधा काहीच पोचत नव्हतं. कुत्र्यांच्या केसांचा हाच प्रश्न तपासणारा अभ्यास १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आहे. केस न काढता दिलेल्या लहरींनी खालच्या स्नायूचं तापमान म्हणण्यासारखं वाढत नाही. केस आखूड असले तरी नाही. म्हणजे वस्तरा किंवा क्लिपर न लावता दिलेलं सिटिंग हे सिटिंगच नव्हे. आपल्या भागात अशी किती सिटिंग होतात, हे प्रत्येक मालकाने आठवून पाहावं.

दुसरा नियम खोलीचा. कंपनं जितकी जास्त तितकी लहर उथळ. ३ मेगाहर्ट्झची लहर कातडीखाली सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत कामाची, १ मेगाहर्ट्झची त्याहून खोल, पण तीही पाचेक सेंटिमीटरपर्यंतच. घोड्यांवरचा २०१३ सालचा एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. घोड्याच्या पायाच्या मागच्या बाजूला कातडीलगत जी कंडरा असते, जिला आपण सरसकट 'शीर' म्हणतो, तिचं तापमान १० मिनिटांच्या उपचाराने साडेतीन ते पाच अंशांनी वाढलं. पाठीच्या जाड स्नायूंचं मात्र पुरेसं वाढलंच नाही. एकच जनावर, एकच तंत्र, आणि जागा बदलताच निकाल उलटा. आता बैलाच्या पुठ्ठ्याचा विचार करा. घोड्याच्या पाठीत जे जमलं नाही ते बैलाच्या पुठ्ठ्यात जमेल, असं मानायला आधार काय?

तिसरा नियम क्षेत्रफळाचा, आणि तो तर शाळकरी गणिताचा आहे. सर्वसाधारण हेडचं काम करणारं तोंड पाचेक चौरस सेंटिमीटरचं असतं. एका वेळी त्याच्या दुप्पट जागाच नीट तापवता येते, म्हणजे १० चौरस सेंटिमीटर, साधारण दोन टपाल तिकिटांएवढी. तेवढ्याला १० मिनिटं लागतात. आपल्या तळहाताएवढी जागा घेतली तर तास-दीड तास हवा. बैलाचा पुठ्ठा तर हातात मावत नाही. तिथे १० मिनिटं हेड सगळीकडे फिरवणं म्हणजे एका काडीच्या जाळावर हंडाभर पाणी तापवायला बसणं.

दुसरा मुद्दा प्रयोगांचा. प्रयोग झाले आहेत आणि त्यांतले काही अनुकूल आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सशांच्या टाचेची कंडरा कापून, शिवून, तिच्यावर रोज अल्ट्रासाउंड दिलं गेलं, तेव्हा उपचार मिळालेल्या कंडरा अधिक ताण सोसणाऱ्या निघाल्या. हा निष्कर्ष खोटा नाही. पण सशाची टाच बोटाएवढी, कंडरा कातडीला चिकटलेली, जखम सुरीने सरळ कापलेली आणि उपचार पहिल्या काही दिवसांतले. शर्यतीत किंवा खेळात जी कंडरा दुखावते ती बहुधा आतल्या आत धागाधागाने उसवलेली असते, अनेकदा महिनोन्‌महिने. सशाच्या प्रयोगातून एक शक्यता समोर आली. ती खरी आहे का, हे तपासायचं तर मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या लागतात, ज्यात निम्म्या रुग्णांवर बंद मशीन फिरवलं जातं आणि कुणाला चालू मिळालं, कुणाला बंद, हे कुणालाच माहीत नसतं.

अशा चाचण्या कुत्र्यांवर आणि बैलांवर जवळजवळ झालेल्याच नाहीत. माणसांवर झाल्या आहेत, आणि त्यांचा कौल निराशाजनक आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३५ चाचण्या सापडल्या. त्यांतल्या पद्धतीने चोख अशा १० निघाल्या, आणि या १० पैकी ८ चाचण्यांत चालू मशीन बंद मशीनपेक्षा सरस ठरलं नाही. घोटा मुरगळण्याच्या अगदी रोजच्या दुखापतीवर सहा चाचण्या आणि ६०६ माणसं एकत्र घेऊन २०११ साली आढावा झाला. तिथेही म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. हाडांची कथा तर अधिक बोधप्रद आहे. मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून अगदी सौम्य, तुटक अल्ट्रासाउंड देण्याच्या यंत्राला अमेरिकेत १९९४ साली मान्यता मिळाली. सुरुवातीच्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या. २०१६ साली नडगीचं हाड मोडलेल्या ५०१ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात खरं यंत्र आणि खोटं यंत्र यांच्यात फरक आढळला नाही. लहान प्रयोगात चमकलेला उपचार मोठ्या चाचणीत मावळतो, हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडलं आहे. ज्या उपचाराची माणसांतली बाजूच इतकी लंगडी आहे, तो जनावरांवर 'सिद्ध' म्हणून कसा विकता येईल?

आता तिसरा मुद्दा, जनावराला भ्रम होत नाही हा. या मुद्द्यावर पूर्वपक्षाची सगळी भिस्त आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

जनावराला आपल्यावर उपचार चालू आहेत हे कळत नसेल, हे मान्य. पण 'फरक पडला' असं सांगतं कोण? बैल सांगत नाही, कुत्रीही सांगत नाही. सांगतो मालक, सांगतो डॉक्टर, आणि त्या दोघांना उपचार चालू आहेत हे पक्कं ठाऊक असतं. विश्वासाचा परिणाम होतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यावर. याचं मोजमापही झालं आहे. सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना औषधाऐवजी नुसती पोकळ गोळी दिली गेली. कुत्रं पाय किती जोराने टाकतं हे जमिनीत बसवलेल्या वजनपट्टीवर मोजलं, आणि सोबत मालकांना व डॉक्टरांनाही विचारलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ४० टक्के वेळा मालकांना अशी सुधारणा दिसली जी पट्टीने नोंदवली नव्हती. पशुवैद्यकही या चुकीतून सुटले नाहीत. त्यांचं प्रमाण तेवढंच किंवा किंचित जास्त होतं. हे मालक लबाड नव्हते. ते प्रेमळ होते, आणि प्रेमाने पाहणारा डोळा आशेच्या बाजूला झुकतो.

याला दुसरी एक गोष्ट मिळते. लंगडणं रोज सारखं नसतं. ते कमी-जास्त होत राहतं. आपण जनावराला दवाखान्यात नेतो ते त्याच्या सर्वांत वाईट दिवशी. वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुधा त्याहून बरा असतो, मशीन लावलं तरी आणि न लावलं तरी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याचं वजन मोजत बसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मशीनची सिटिंग चालू असताना आपण जनावराला दुसरं काय देतो? त्या मैदानावरच्या बैलमालकाला मी पुढे विचारलं. तो म्हणाला, "पंधरा दिवस दावणीला बांधून ठेवला होता. सराव बंद, छकडा बंद. मशीन चालू असताना पळवायचा कसा?" त्याच्या उत्तरातच निकाल आहे. पंधरा दिवसांची सक्तीची विश्रांती मिळाली ती यंत्राच्या निमित्ताने. बैल सुधारला, आणि नाव झालं यंत्राचं.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही गोष्ट वेगळ्या रूपात माहीत आहे. बैलाचा पाय धरला, खांदा सुजला की तापलेल्या लोखंडाने डागायची चाल गावोगाव होती. डागल्यावर बैल बरा होतो, ही शेकडो वर्षांची 'खात्री' होती, आणि ती आपल्यापुरतीच नव्हती. इंग्लंडातही शर्यतीच्या घोड्यांच्या दुखावलेल्या कंडरांवर तापलेली सळई टेकवण्याचा उपचार मान्यवर पशुवैद्य करत होते. तिथे ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांवर नीट तुलना करून १९८३ साली निष्कर्ष मांडला की डागण्याने कंडरा बरी होण्यात काही भर पडत नाही. १९९१ साली तिथल्या पशुवैद्यकांच्या शिखर संस्थेने हा उपचारच अनैतिक ठरवला. मग इतकी वर्षं घोडे बरे कसे होत होते? डागलेल्या घोड्याला महिनोन्‌महिने पळवता येत नसे म्हणून. गुण त्या सक्तीच्या विश्रांतीचा होता. मशीन डागणीइतकं क्रूर नाही, हा मोठाच फरक आहे आणि तो मी मानतो. पण श्रेय चुकीच्या दारात टाकण्याची रीत तीच आहे.

चौथा मुद्दा, नुकसान तर नाही. हे म्हणणं दोन अर्थांनी चूक आहे. एक, थेट इजा होऊ शकते. हाड या लहरी झपाट्याने शोषून घेतं. हेड एका जागी थांबलं किंवा मात्रा जास्त झाली तर हाडावरचं आवरण तापतं आणि आत भाजल्यासारखी कळ उठते. माणूस 'चटका बसतोय' म्हणून हात झटकतो. बांधून ठेवलेला बैल किंवा भुलीच्या गुंगीतलं कुत्रं काय करणार? वाढत्या वयाच्या पिल्लाच्या हाडांची वाढीची टोकं, गाभण मादीचं पोट, डोळे, हृदयाचा भाग, गाठ असलेली जागा, पू झालेली जखम, ताजा रक्तस्राव, संवेदना गेलेला अवयव, या ठिकाणी हा उपचार टाळायचा असतो. हे न पाहता जो हेड फिरवतो त्याच्या हाती जनावर देणं हा धोकाच आहे.

दुसरं नुकसान वेळेचं, आणि ते अधिक मोठं आहे. त्या लॅब्रॅडोर कुत्रीची गोष्ट पुरी करतो. दहा सिटिंग झाली. मालकिणीच्या मते 'साठ-सत्तर टक्के फरक' होता. महिन्याभराने जिना उतरताना कुत्री केकाटली आणि पाय टेकवेनाशी झाली. मग दुसऱ्या एका पशुवैद्यकाने तिला आडवं झोपवलं, एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी पुढे सरकवून पाहिली. ड्रॉवर बाहेर यावा तशी ती सरकली. गुडघ्याच्या आतला तिरका अस्थिबंध तुटलेला होता. मोठ्या कुत्र्यांत मागच्या पायाने लंगडण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे. ही तपासणी दोन मिनिटांची, ना मशीन लागतं ना जेल. तुटलेला दोर जगातल्या कोणत्याही लहरीने सांधला जात नाही. मधल्या महिन्या-दीड महिन्यात त्या मांडीचा स्नायू डोळ्यांना दिसण्याइतका सुकला होता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही आपली म्हण याच प्रसंगासाठी आहे.

शर्यतीच्या बैलाच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. पंधरा दिवसांच्या विश्रांतीने वेदना उतरते; कंडरेचा धागा पंधरा दिवसांत जुळत नाही. घोड्यांच्या कंडरेच्या दुखापतीला नऊ महिने ते वर्षभराचा काळ द्यावा लागतो, आणि तोही हळूहळू चालवत, मोजून भार वाढवत. बैलाच्या कंडरेचा जीवनियम वेगळा असेल असं मानायला कारण नाही. 'मशीन लावलंय, आता सोडा मैदानात' असं म्हणत अर्धवट भरलेल्या पायावर बैल धावला तर पुढच्या वेळी तो पाय जपून टाकणार नाही, टाकूच शकणार नाही. मग बैल गेला आणि झोपा केला, याखेरीज हाती काही उरत नाही.

खंडन झालं. पण नुसतं मोडून टाकणं ही अर्धी जबाबदारी आहे. काय करावं तेही सांगायला हवं.

अल्ट्रासाउंड भंगारात काढावं असं माझं म्हणणं नाही. कातडीलगतच्या ऊतींना नेमकी ऊब देणारं ते एक साधन आहे. कुत्र्याच्या मांडीवर झालेल्या २००१ सालच्या एका अभ्यासात, केस काढून, ३.३ मेगाहर्ट्झने, दर चौरस सेंटिमीटरला १ वॅट मात्रेने १० मिनिटं दिल्यावर एक सेंटिमीटर खोलीवर ३ अंशांनी तापमान वाढलं. उपचार थांबल्यावर १० मिनिटांच्या आत ते मूळ पातळीवर आलं. या दोन वाक्यांत या यंत्राची खरी जागा दडली आहे. ऊब मिळते, आणि ती काही मिनिटंच टिकते. तेव्हा सांधा आखडला असेल, जुन्या व्रणाने स्नायू आवळला असेल, तर ही ऊब देता देता आणि लगेच नंतर हलक्या हाताने तो भाग ताणायचा. ताणणं हा उपचार, ऊब ही त्याची पूर्वतयारी. हेड फिरवून, जेल पुसून घरी पाठवलं तर ती ऊब गाडीत बसेपर्यंत विरून गेलेली असते.

मग बाकीच्या जनावरांना काय द्यायचं? पहिलं म्हणजे निदान. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार जनावरावर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. त्याच्याकडून खुरापासून पुठ्ठ्यापर्यंत पाय तपासून घ्यावा. बैलाच्या लंगडण्याचं मूळ अनेकदा खुरातच सापडतं आणि शेक मात्र खांद्याला चालू असतो. कंडरेची शंका असेल तर तिथे सोनोग्राफी करावी. कुठला धागा, किती फाटला, भरत आला का, हे तीच दाखवते. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आणि त्याला जोडून जनावरांचं रुग्णालय आहे. पनवेलहून ते एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ आहे. दहा सिटिंगच्या पैशात तिथवरच्या खेपा सहज बसतात.

दुसरं, मोजून दिलेली विश्रांती आणि मोजून वाढवलेली हालचाल. नुसतं बांधून ठेवणं हीसुद्धा विश्रांती नव्हे. त्याने स्नायू सुकतो. आधी पूर्ण आराम, मग सपाट जमिनीवर हातात धरून चालवणं, मग चढ, मग हलकं धावणं, असा क्रम आठवड्यांच्या हिशेबाने लावावा लागतो. हे कंटाळवाणं आहे. त्यात दिवा लागत नाही, आकडा उमटत नाही. पण ऊती भरतात त्या अशाच.

तिसरं, कुत्र्यांच्या बाबतीत वजन. ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात निम्म्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं गेलं. कमी खाणारी कुत्री सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीने उशिरा गाठलं. दुसऱ्या एका अभ्यासात, २०१० साली, जाड आणि सांधेदुखीच्या कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरताच लंगडणं स्पष्ट कमी झालं. तीस किलोच्या कुत्रीत हे दोन किलोसुद्धा नाही. पनवेलच्या सोसायट्यांत पोळी-तुपावर आणि बिस्किटांवर वाढलेली किती लॅब्रॅडोर कुत्री ढुलत चालतात, हे रोज संध्याकाळी दिसतं. त्यांच्या गुडघ्यांवरचा सर्वांत स्वस्त उपचार ताटलीत आहे.

शर्यतींच्या आयोजकांनाही माझं एक सांगणं आहे. शर्यतीआधी पशुवैद्यकाचा दाखला घेण्याची अट नियमांत आहेच. तो दाखला केवळ कागद राहू नये. बैल मोकळा चालवून, वळवून, पायाला हात लावून पाहावं, आणि मागच्या दोन महिन्यांत लंगडला होता का, हे मालकाला थेट विचारावं. लंगडला असेल तर 'मशीन लावलं होतं' हे उत्तर पुरेसं मानू नये. आणि परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांना विनंती आहे. शर्यतीच्या बैलांच्या दुखापतींचा साठा महाराष्ट्राइतका फार थोड्या ठिकाणी असेल. चालू मशीन आणि बंद मशीन अशी एक चोख तुलना आपल्याच जनावरांवर करा. निकाल माझ्या विरुद्ध गेला तर हा लेख मी आनंदाने मागे घेईन, कारण मग बैलांना खरोखर उपयोगी पडणारं काही तरी हाती लागलेलं असेल.

तोवर मालकांनी एवढंच करावं. जनावर लंगडलं की 'किती सिटिंग लागतील?' हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावं, 'नेमकं काय दुखावलं आहे, ते तुम्ही कसं ठरवलंत, आणि ते भरायला किती महिने लागतील?' ज्याच्यापाशी या तिन्हींची उत्तरं आहेत त्याच्या हाती जनावर द्या, त्याच्याकडे मशीन असो वा नसो. ज्याच्यापाशी फक्त मशीन आहे, त्याच्या दारातून जनावराला सावकाश चालवत परत आणा.